आपली गोष्ट आपल्याच तोंडून: पॅलेस्टाईनचं साक्षीचं नाटक

१७ ऑक्टोबर २०१० या दिवशी जगातल्या पन्नासेक शहरांत तरुण मुलं रंगमंचावर उभी राहिली आणि गाझातल्या मुलांनी लिहिलेली स्वगतं बोलली. प्रत्येक शहरातली भाषा वेगळी होती, मजकूर मात्र एकाच जागेवरून आलेला होता. ती जागा म्हणजे भूमध्य समुद्राकाठची जेमतेम चाळीस किलोमीटर लांबीची पट्टी. २००७ पासून इस्रायलने आणि दक्षिणेकडून इजिप्तने तिच्या वाटा आवळून धरल्या होत्या. लिहिणाऱ्या मुलांना तिथून बाहेर पडणं जवळपास अशक्य होतं, म्हणून त्यांचं लिखाण बाहेर आलं आणि दुसऱ्या मुलांनी ते आपल्या तोंडाने म्हटलं.

या उपक्रमाचं नाव 'गाझा मोनोलॉग्ज', आणि तो उभा केला वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या रामल्लाह शहराच्या 'अश्तार थिएटर'ने. बातम्यांत पॅलेस्टाईन रोज दिसतं. पण तिथले लोक गेली चाळीस-पन्नास वर्षं नाटकाच्या वाटेने काय करत आले आहेत, हे आपल्याकडे फारसं पोचत नाही. नाटकावर जीव असलेल्या मराठी वाचकाला ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. नेहमीच्या नाटकात लेखक पात्रं रचतो, प्रसंग कल्पतो. साक्षीच्या नाटकात ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याचं सांगणं हाच मूळ मजकूर असतो. कधी तो माणूस स्वतः रंगमंचावर येऊन सांगतो. कधी तो लिहून देतो आणि दुसरा कुणी बोलतो. कधी नाटकवाले गावोगाव, छावण्यांमध्ये फिरून मुलाखती घेतात आणि त्यांतून संहिता बांधतात. आणि कधी तर प्रेक्षकांतलाच एखादा उठून आपली हकीकत सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. चारही तऱ्हा पॅलेस्टाईनमध्ये झाल्या आहेत, होत आहेत.

पण पॅलेस्टिनी माणसाला साक्ष देण्यात नवीन ते काय? तो आयुष्यभर साक्षच देत असतो. चेकपॉइंटवरचा सैनिक विचारतो कुठून आलास, कुठे चाललास. लष्करी न्यायालयात विचारतात. मदतसंस्थेचा माणूस तक्ता घेऊन येतो: घरात माणसं किती, जखमी किती, घर कितपत पडलं. पत्रकार येतो, त्याला दोन मिनिटांचं बोलणं हवं असतं आणि त्यात शक्यतो अश्रू हवे असतात. या सगळ्या ठिकाणी प्रश्न दुसऱ्याचा असतो. काय महत्त्वाचं, काय फालतू, कुठे थांबायचं, हे विचारणारा ठरवतो. घर पडलं त्या दिवशी आईने चुलीवर काय ठेवलं होतं हे कुणी विचारत नाही, कारण तक्त्यात त्याला रकाना नाही.

नाटकात हा अधिकार सांगणाऱ्याकडे येतो. सुरुवात कुठून करायची, बॉम्बबद्दल एक वाक्य आणि हरवलेल्या मांजरीबद्दल दहा वाक्यं बोलायची की कसं, मधेच गप्प किती वेळ राहायचं, हे तोच ठरवतो. माझ्या मते या नाट्यप्रकाराचं बळ याच गोष्टीत आहे. पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९८४ मध्ये, लेबनॉनवरच्या इस्रायली आक्रमणानंतर, एका गाजलेल्या निबंधात म्हटलं होतं की नुसती तथ्यं आपण होऊन बोलत नाहीत. ती सामावून घेणारी, टिकवणारी आणि फिरती ठेवणारी एक कथा लागते, आणि पॅलेस्टिनी लोकांना ती कथा सांगायची मुभाच दिली जात नाही. साक्षीच्या नाटकाने ही मुभा कुणाकडे मागितली नाही. ती घेतली.

आता थोडा मागचा इतिहास. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली त्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसं घरादारांतून उखडली गेली आणि चारशेहून अधिक गावं ओस पडली किंवा पाडली गेली. पॅलेस्टिनी याला 'नकबा' म्हणतात, म्हणजे महाआपत्ती. १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा हे भागही इस्रायलच्या लष्करी ताब्यात गेले. गावं गेली तरी गावाच्या गोष्टी राहिल्या, त्याही बव्हंशी तोंडी. अरबी गावांत आणि कॉफीच्या दुकानांत 'हकावाती' नावाचा कथेकरी असे. आपल्याकडचा कीर्तनकार जसा आख्यान लावताना मधेच श्रोत्याला हाक मारतो, चालू काळावर बोट ठेवतो, तसाच हाही. १९७७ च्या सुमारास फ्रांस्वा अबू सालेम आणि त्यांच्या सोबत्यांनी नाटकमंडळी काढली तिला त्यांनी हेच नाव दिलं: 'अल-हकावाती'.

त्याआधी अबू सालेम 'बलालीन' नावाच्या मंडळीत होते. या मंडळीच्या १९७२ च्या एका नाटकात प्रयोग चालू असतानाच दिवे जातात आणि पुढचं सगळं नाटक अंधारात काय करायचं याभोवती फिरतं. ताब्याखाली जगणाऱ्या प्रेक्षकांना याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नव्हता.

'अल-हकावाती'ने १९८३-८४ मध्ये पूर्व जेरुसलेममधलं 'नुझा' नावाचं जळकं, बंद पडलेलं सिनेमागृह भाड्याने घेतलं आणि त्याचं नाट्यगृह केलं. पुढे तेच 'पॅलेस्टिनी नॅशनल थिएटर' झालं. संहितेला इस्रायली सेन्सॉरची मंजुरी लागे, वेस्ट बँकेत प्रयोग करायचा तर लष्करी प्रशासनाचा परवाना लागे, आणि परवाना हातात असूनही ऐन वेळी प्रयोग बंद पडत. नाटकवाल्यांना चौकशीला बोलावणं, नाट्यगृहाला टाळं लागणं हे सारखं चाले. १९८७ च्या डिसेंबरात पहिला इंतिफादा, म्हणजे लोकांचा उठाव, सुरू झाला तेव्हा संचारबंदीमुळे रात्रीचे प्रयोगच अशक्य झाले.

याच काळात साक्षीच्या नाटकाने स्पष्ट रूप घेतलं. १९८८ मध्ये नेगेवच्या वाळवंटात इस्रायलने केत्सिओत इथे तंबूंचा मोठा कैदखाना उघडला. पॅलेस्टिनी त्याला 'अन्सार ३' म्हणत. हजारो माणसं तिथे राहून आली, बरीचशी खटल्याशिवाय. १९९१ मध्ये फातेह अज़्ज़ाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अन्सार' हे नाटक केलं. त्यातला मजकूर कैदेतून आलेला होता. प्रेक्षकांतही असे पुष्कळ होते की ज्यांनी तो तंबू, ती रांग, ती हजेरी पाहिली होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अशा प्रेक्षकांना नवी माहिती काहीच मिळत नाही. तरी ते येतात. एकट्याने सोसलेली गोष्ट चारचौघांत, उजेडात, मोठ्याने बोलली जाते तेव्हा ती सगळ्यांची होते. तुरुंगातून सुटून आलेला जो बाप घरी तोंड उघडत नाही, त्याच्या मुलाला ते नाटक पाहून बापाचं गप्प बसणं थोडं कळत असेल.

दुसरा इंतिफादा सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला. रामल्लाहच्या 'अल-कसबा' थिएटरने तेव्हा 'अलाइव्ह फ्रॉम पॅलेस्टाईन' या नावाने पुढे जगभर फिरलेला प्रयोग केला. दिग्दर्शन अमीर निझार झुआबी यांचं. रंगमंचावर वर्तमानपत्रांचे ढीग, आणि त्या ढिगांतून नट बाहेर येतात. एकेक छोटी स्वगतं, एकेक माणूस. नेपथ्यानेच सगळा मुद्दा मांडलेला आहे: बातमीखाली गाडला गेलेला माणूस बातमी बाजूला सारून बोलायला लागतो. यात विनोदही भरपूर होता, आणि त्याने पुष्कळ परदेशी प्रेक्षक चकित झाले. त्यांचं चकित होणं मला खटकतं. वेढ्यात राहणारी माणसं हसणार नाहीत असं गृहीत धरूनच ते तिकीट काढून आले होते.

आता पुन्हा 'गाझा मोनोलॉग्ज'कडे येऊ, कारण कामाची पद्धत तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते.

'अश्तार'ची स्थापना १९९१ मध्ये जेरुसलेमला इमान औन आणि एडवर्ड मुअल्लेम यांनी केली. दोघेही आधी 'अल-हकावाती'त होते. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांचं 'शोषितांची रंगभूमी' हे तंत्र त्यांनी पॅलेस्टाईनमध्ये रुजवलं. त्यात प्रेक्षक नाटक मधेच थांबवतो, पात्राच्या जागी स्वतः जातो आणि वेगळं काही करून पाहतो. त्यामुळे सामान्य माणसाच्या तोंडून नाटक काढून घ्यायची सवय त्यांना आधीपासून होती.

२७ डिसेंबर २००८ ते १८ जानेवारी २००९ या काळात गाझावर इस्रायलची मोठी लष्करी मोहीम झाली. सुमारे १,४०० पॅलेस्टिनी आणि १३ इस्रायली मारले गेले. त्यानंतर 'अश्तार'ने गाझातल्या तीसेक मुलामुलींसोबत काम सुरू केलं, सगळी शाळकरी वयाची. रामल्लाहच्या लोकांना गाझात सहज जाता येत नव्हतं. दोन्ही भाग नकाशावर एकाच देशाचे, पण मधल्या तासा-दीड तासाच्या रस्त्याला इस्रायलचा परवाना लागतो. प्रत्यक्ष तालमी घेतल्या गाझातले रंगकर्मी अली अबू यासीन यांनी. महिनोन् महिने मुलांशी खेळ, नाट्यव्यायाम, गप्पा, मग लिहिणं. पहिल्या दिवशी 'तुझ्यावर काय गुदरलं ते सांग' असं विचारलं असतं तर मुलांनी टीव्हीवर ऐकलेलीच वाक्यं बोलून दाखवली असती. मोठ्यांना काय ऐकायचं असतं हे मुलांना बरोबर ठाऊक असतं. त्या घोटीव वाक्यांच्या पलीकडे जायलाच वेळ लागतो.

जे लिहून झालं त्यात युद्ध आहेच, पण परीक्षा आहेत, समुद्र आहे, भावाशी भांडण आहे, पुढे काय व्हायचं याची स्वप्नं आहेत, आणि ती स्वप्नं युद्धाने कशी वाकडी केली तेही आहे. प्रत्येक स्वगताच्या माथ्यावर मुलाचं नाव, जन्मसाल आणि गाझातला राहायचा भाग दिलेला असतो. 'गाझातलं एक मूल' असं मोघम कुठेही नाही. परक्या शहरातली मुलगी स्वगत बोलते तेव्हा ती त्या अमुक सालच्या, अमुक गल्लीतल्या मुलाच्या वतीने बोलत असते.

२९ नोव्हेंबर २०१० रोजी, पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या स्वगतांचा प्रयोग झाला. २०१४ च्या युद्धानंतर त्यांतल्या काही मुलांनी, आता तरुण झालेल्यांनी, पुन्हा लिहिलं. मग ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२५ पर्यंत ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. 'अश्तार'ने जगभरच्या नाटकवाल्यांना हाक दिली: २९ नोव्हेंबर २०२३ ला तीच स्वगतं पुन्हा वाचा. तेरा वर्षांपूर्वीचा मजकूर ठिकठिकाणी वाचला गेला, आणि ऐकणाऱ्यांना तो कालच लिहिल्यासारखा वाटला. यात मजकुराचं कौतुक आहे, पण मला त्याहून जास्त राग येतो. साक्ष जुनी व्हायला हवी होती. ती इतिहासाच्या कपाटात जायला हवी होती.

गाझापासून उत्तरेला, वेस्ट बँकेत, जेनिन निर्वासित छावणी आहे. तिथल्या 'फ्रीडम थिएटर'ची हकीकत वेगळीच. अर्ना मेर-खमीस या ज्यू इस्रायली बाईंनी पहिल्या इंतिफादात शाळा बंद पडल्यावर छावणीतल्या मुलांसाठी शिक्षणाचं आणि नाटकाचं काम सुरू केलं. १९९३ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला आणि त्या पैशातून छावणीत छोटं नाट्यगृह उभं राहिलं. १९९५ मध्ये त्या गेल्या. २००२ च्या लष्करी हल्ल्यात ते नाट्यगृह जमीनदोस्त झालं, आणि त्यांच्या नाट्यवर्गातले बरेच मुलगे दुसऱ्या इंतिफादात मारले गेले. २००६ मध्ये त्यांचा मुलगा जुलियानो, छावणीतला सशस्त्र लढ्याचा नेता झकारिया झुबैदी आणि स्वीडनहून आलेले योनातान स्तांचाक यांनी 'फ्रीडम थिएटर' सुरू केलं. ४ एप्रिल २०११ ला जुलियानोंना नाट्यगृहाबाहेरच गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी कोण, याचा उलगडा झालेला नाही. हे नाट्यगृह इस्रायली ताब्याविरुद्ध बोलत होतंच, पण पॅलेस्टिनी सत्ताधाऱ्यांवर आणि समाजातल्या बुरसटपणावरही बोलत होतं. मुलामुलींनी एकत्र रंगमंचावर येणं छावणीत सगळ्यांना रुचत नव्हतं.

त्यांचं 'द सीज' हे नाटक २०१५ चं. लेखन नबील अल-राई यांचं, दिग्दर्शन त्यांचं आणि झोई लॅफर्टी यांचं. विषय २००२ चा: बेथलेहेमच्या चर्च ऑफ द नेटिव्हिटीत, म्हणजे येशूच्या जन्मस्थानी, शिरलेल्या सशस्त्र पॅलेस्टिनींना इस्रायली सैन्याने ३९ दिवस वेढा घातला. आत त्यांच्यासोबत सामान्य नागरिक आणि धर्मगुरूही होते. शेवटी तडजोड झाली: १३ जणांना युरोपात, २६ जणांना गाझात हद्दपार करायचं. नाटकवाल्यांनी या हद्दपार माणसांना शोधून त्यांच्याशी बोलून संहिता बांधली. भूक, कुजत चाललेल्या जखमा, आत बसलेल्यांमधले वाद, शरण जायचं की नाही याची तगमग, आणि शेवटी घर पुन्हा कधी दिसणार नाही हे माहीत असताना केलेली सही.

ब्रिटनमध्ये प्रयोग झाले तेव्हा आक्षेप आला की हे दहशतवाद्यांचं उदात्तीकरण आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या नाट्यगृहाने ठरवलेला प्रयोग मागे घेतला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्कर्बॉल केंद्रात झाला. आक्षेप झटकून टाकू नये असं मला वाटतं. बंदूकधारी माणसाची साक्ष ऐकणं म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीला मान डोलावणं नव्हे, आणि नाटकानेही तसं सोंग करू नये. पण ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला गोष्टच सांगू द्यायची नाही, हा नियम केला तर गणवेशातल्या किती माणसांच्या आठवणी आपण छापल्या, पाहिल्या आणि डोळे पुसले, तेही मोजावं लागेल.

हाच पेच हैफात जास्त तीव्र झाला. हैफा इस्रायलमध्ये आहे, आणि तिथल्या 'अल-मिदान' या अरबी नाट्यगृहाला सरकारी अनुदान मिळे. २०१४ मध्ये बशार मुर्कुस यांनी तिथे 'पॅरलल टाइम' केलं. त्यामागे वलीद दक्का या कैद्याची पत्रं आणि लेखन होतं. १९८४ मध्ये एका इस्रायली सैनिकाचं अपहरण आणि हत्या करणाऱ्या गटाशी संबंधावरून त्यांना १९८६ पासून कैद झाली होती. नाटकात कैदी लपूनछपून ऊद हे तंतुवाद्य बनवतात, लग्न ठरलेल्या एका सोबत्यासाठी. लाकूड, तार, वेळ, सगळं चोरून मिळवायचं. मारल्या गेलेल्या त्या सैनिकाच्या घरच्यांनी २०१५ मध्ये नाटकाला विरोध केला; त्यांचं दुःख खरं होतं. मग शिक्षणमंत्र्यांनी हे नाटक शालेय कार्यक्रमांतून काढलं आणि संस्कृती मंत्रालयाने नाट्यगृहाचं अनुदान गोठवलं. दक्का ७ एप्रिल २०२४ ला कर्करोगाने, कैदेतच, वारले.

साक्ष नेहमी शत्रूबद्दलच असते असं नाही, हे मला राएदा ताहांच्या एकपात्रीतून नीट कळतं. त्यांचे वडील अली ताहा १९७२ मध्ये सबेना कंपनीचं विमान पळवून इस्रायलच्या लोद विमानतळावर उतरवणाऱ्यांचे म्होरके होते. इस्रायली कमांडोंच्या कारवाईत मारले गेले. इस्रायलींच्या लेखी दहशतवादी, पॅलेस्टिनींच्या लेखी हुतात्मा. राएदा पुढे पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांच्या प्रसिद्धी सचिव होत्या. २०१५ मध्ये लीना अबयद यांच्या दिग्दर्शनाखाली बैरुतला त्यांनी स्वतःच रंगमंचावर येऊन सांगितलं की हुतात्म्याची मुलगी असणं घराला केवढ्याला पडतं. मागे राहिलेली तरुण आई, चार मुली, मिरवणुका, भाषणं, आणि या सगळ्यांत हरवलेला साधा बाप. भावाचा मृतदेह परत मिळावा म्हणून थेट अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्यापर्यंत धडक मारणारी आत्या. राष्ट्राने भिंतीवर लावलेली बापाची तसबीर राएदाने खाली उतरवून हातात घेतली आणि तिच्याशी बोलली. पॅलेस्टिनी प्रेक्षकांसमोर असं बोलायला फार धैर्य लागतं.

आता ती चौथी तऱ्हा, मला सगळ्यांत आवडणारी. २०१२ च्या सुमारास 'फ्रीडम थिएटर'ने 'फ्रीडम बस' काढली. नट आणि पाहुणे बसने वेस्ट बँकेतल्या अशा वस्त्यांवर जात जिथे घरं पाडायच्या नोटिसा आलेल्या असत, पाणी तोडलेलं असे, शेजारी इस्रायली वसाहत उभी राहिलेली असे. अंगणात किंवा तंबूत सगळे बसत. एक सूत्रधार, चार-पाच नट, एखादं वाद्य. गावातलं कुणी पुढे येऊन सूत्रधाराशेजारी खुर्चीवर बसतं आणि सांगतं: त्या पहाटे बुलडोझर आला तेव्हा काय झालं. आपलं काम कुठल्या नटाने करायचं, तेही तोच सांगतो. नट क्षणभर थांबतात आणि तालमीशिवाय ते करून दाखवतात. मग सूत्रधार सांगणाऱ्याकडे वळून विचारतो, असंच होतं का? तो म्हणू शकतो, नाही, माझी बायको रडत नव्हती, ती शिव्या देत होती. मग ते सुधारून होतं. 'प्लेबॅक' नावाच्या या तंत्रात शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा असतो, आणि बघायला त्याचेच शेजारी असतात.

इथे मला या प्रकाराचा कच्चा दुवाही सांगायला हवा. साक्षीचं नाटक परदेशात फिरायला लागलं, देणगीदार मिळाले, इंग्रजीत संहिता आल्या, की हळूहळू परक्या प्रेक्षकाच्या दयेला रुचेल अशी साक्ष निवडली जाण्याचा धोका असतो. निष्पाप मूल चालतं, चिडलेला तरुण चालत नाही. रडणारी आई चालते, राजकारण बोलणारी आई नको. त्याच माणसाला तीच जखम पन्नास प्रयोगांत उघडी करायला लावणं हेही क्रौर्य आहे. म्हणून चांगले नाटकवाले सांगणाऱ्याला थांबायचा हक्क देतात, नाव बदलू देतात, आणि काही गोष्टी रंगमंचावर आणतच नाहीत. बेथलेहेमजवळच्या आयदा छावणीत १९९८ पासून 'अल-रुव्वाद' केंद्र चालवणारे अब्देलफत्ताह अबुस्रूर आपल्या कामाला 'सुंदर प्रतिकार' म्हणतात. मुलांनी मरून हुतात्मा होण्यापेक्षा जगावं, म्हणून त्यांना नाटक द्यायचं, अशी त्यांची साधी भूमिका आहे. जगाचं मन वळणं हा त्यात फार तर जोडफायदा. मला हा क्रम बरोबर वाटतो: आधी सांगणारा, मग त्याची माणसं, मग आपण.

आपला या सगळ्याशी एक खरा धागा आहे. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या सुरुवातीला 'फ्रीडम थिएटर'चे नट भारतात आले आणि दिल्लीच्या 'जन नाट्य मंच'सोबत त्यांनी 'हमेशा समीदा' हे नाटक करून अनेक शहरांत प्रयोग केले. 'जनम' म्हणजे सफदर हाश्मींची मंडळी. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला मंडळींनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेला प्रयोग पुरा केला. जेनिनच्या नटांना ही हकीकत समजावून द्यावी लागली नसणार. 'जनम'च्या बाजूने या नाटकाची धुरा सुधन्वा देशपांडे यांनी वाहिली. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिणाऱ्या गो. पु. देशपांडे यांचे ते चिरंजीव.

१३ डिसेंबर २०२३ ला इस्रायली सैन्याने 'फ्रीडम थिएटर'वर छापा घातला, आतलं सामान उद्ध्वस्त केलं. कलासंचालक अहमद तोबासी यांना उचललं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. व्यवस्थापक मुस्तफा शेता यांना मात्र आरोपपत्राशिवाय वर्षाहून अधिक काळ कैदेत ठेवलं. तोबासी किशोरवयात सशस्त्र गटात होते, चार वर्षं तुरुंगात होते, मग नाटकात आले, नॉर्वेत शिकले आणि छावणीत परतले. स्वतःच्या या आयुष्यावर त्यांचं एकपात्रीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या लष्करी कारवाईत जेनिन छावणीच रिकामी केली गेली. गाझातलं सईद अल-मिशाल सांस्कृतिक केंद्र तर ऑगस्ट २०१८ मध्येच हवाई हल्ल्यात पडलं होतं. इमारती गेल्यावर उरतो तो मजकूर, आणि तो म्हणायला चार माणसं व एक खोली पुरते.

तुमचा नाट्यगट ही स्वगतं मराठीत वाचायला घेणार असेल तर या प्रकाराची शिस्त पाळावी लागेल. आधी लिहिणाऱ्याचं नाव, जन्मसाल आणि वस्ती मोठ्याने वाचावी, आणि मजकूर कुठल्या सालचा तेही सांगावं. मागे करुण संगीत लावू नये. अरबी उच्चारांची नक्कल करू नये. आपल्या नेहमीच्या मराठीत, आपल्या आवाजात बोलावं. मुलाने विनोद केला असेल तिथे श्रोत्यांना हसू द्यावं. आणि वाचन संपलं की लगेच भाषण ठोकायला कुणाला उभं करू नये.